पाटण्यापलीकडच्या माथ्यावरचा डबा

गुरुवार, गुढीपाडवा

धुळ्याहून चाळीसगावला बसने लवकर पोचता येतं, तरी आम्ही रेल्वेच धरली. १९०० साली सुरू झालेला हा फाटा मला मनापासून आवडतो. मोहाडी सोडताना लळिंगचा किल्ला दिसतो, मग शिरूड, राजमाने अशी छोटी छोटी स्टेशनं. सकाळची वेळ होती. रुळांलगतच्या घरांवर गुढ्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. गहू निघून गेलेला, कुठे कुठे कांदा काढणीला आलेला आणि बांधांवर पऱ्हाट्यांचे ढीग. भाच्याचा बारावीचा शेवटचा पेपर नुकताच झाला होता. निघताना आजीने त्याच्या गळ्यात साखरेचा हार घातला होता, तो राजमान्यापर्यंत अर्धा संपला.

आम्ही निघालो होतो एका डब्यासाठी. पाटणादेवीच्या पलीकडे, अभयारण्याची हद्द संपल्यावर जी डोंगरधार पुढे जाते, तिच्या एका माथ्यावर माझ्या मित्राने काही वर्षांपूर्वी स्टीलचा एक डबा ठेवला होता. मित्र आता परदेशी असतो. डब्याच्या वहीत कितीतरी दिवसांत नवी नोंद झालेली नव्हती. तो अजून जागेवर आहे का, पाणी शिरून वही कुजली तर नाही ना, हे बघून ये, एवढंच त्याने सांगितलं होतं. माथ्याचं नाव मी इथे देत नाही. शोधणाऱ्याने ते स्वतः शोधावं, हा या खेळाचा शिरस्ता आहे.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत पूर्वीही सगळ्यांना मिळत, पण सामान्य माणसासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २०००च्या सुरुवातीला ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत हातातलं यंत्र दहा-वीस मीटरपर्यंत बरोबर दाखवू लागलं. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर या गृहस्थाने एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत वही, पेन्सिल आणि बारीकसारीक वस्तू होत्या. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा, एवढाच नियम. थोड्याच दिवसांत माइक टीग नावाच्या माणसाने ती शोधून काढली. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

त्यातले पुष्कळसे शहरात असतात. पुलाच्या कठड्याखाली चुंबकाने चिकटवलेली बोटभर डबी, गाडी थांबवायची, चिठ्ठीवर सही करायची, पुढे जायचं. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर करावं. माझा जीव मात्र जिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही अशा माथ्यावरच्या वहीत अडकतो. तिथे आधी येऊन गेलेल्या माणसाचं अक्षर बघितलं की वाटतं, हा आपल्यासारखाच घामाघूम होऊन इथे बसला असेल. ओळख ना पाळख, पण आपल्या दोघांमध्ये एक डोंगर आहे.

चाळीसगावला उतरून रिक्षाने पाटण्याला गेलो. अंतर अठरा-वीस किलोमीटर. चैत्री नवरात्र नुकतंच बसलं होतं, त्यामुळे देवळात बऱ्यापैकी वर्दळ होती. डोंगरी नदीचं पात्र कोरडं पडलेलं, पण देवळामागे उभा असलेला सह्याद्रीचा अर्धवर्तुळाकार कडा बघितला की उन्हाचं काही वाटत नाही. चंडिकेचं, म्हणजे पाटणादेवीचं, दर्शन घेतलं. मग जवळच्या महादेवाच्या देवळाच्या सावलीत बसून भाच्याला मी ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी त्याला बरोब्बर २० मार्चच्या आदल्या दिवशी इथे आणलं होतं.

पाटण्याच्या शिलालेखाची ती गोष्ट. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे १२०६च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. (योगी चांगदेव ते वेगळे.) आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्याच्या इथल्या सामंतांनी मठाला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत, पण शेवटी कोणत्या मालावरचं किती दान मठाला द्यायचं ते त्या काळच्या मराठीत कोरलं आहे. म्हणजे पाटण्याच्या बाजारात माल उतरायचा आणि त्यातला वाटा आकाशाचं गणित शिकवण्यासाठी जायचा. खानदेशातल्या किती शाळांमध्ये मुलांना हे सांगतात? मला तर कॉलेज संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे. पुष्कळ यंत्रांचं वर्णन करून झाल्यावर ते सांगतात की सगळ्यांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे धीयंत्र, म्हणजे बुद्धी. ती असली की हातात नुसती काठी पुरते.

‘‘मग मामा, आपण काठीने अक्षांश काढायचे?’’ भाच्याने लगेच विचारलं.

तेच करायचं होतं. बारा अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, विषुवदिनाच्या मध्यान्ही उन्हात धरायची. तिची जी सावली पडते ती पलभा. पलभेला बाराने भागलं की अक्षांशाचा स्पर्शक (टॅन) मिळतो. पाटण्याच्या आसपास पलभा साधारण साडेचार अंगुळांच्या जरा आत यायला हवी. दुसऱ्या दिवशी विषुवदिन होता. वर चढायचं, मित्राचा डबा शोधायचा आणि उपग्रहाने जे सांगितलं ते काठीलाही विचारून बघायचं, असा बेत.

मुक्कामाला मित्राच्या ओळखीच्या घरी गेलो. डोंगराच्या पायथ्याचं खेडं, घर गावाबाहेर मळ्यात. पाडव्याची खापरावरची पुरणपोळी, सोबत आमटी आणि कैरीची चटणी. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. घरधन्याला आम्ही माथ्याबद्दल विचारलं तर तो हसला. ‘‘वर काय शे भाऊ? दगडं शेतस आनि वारा शे. ढोरेबी जातस नही.’’

अंगणात बाज टाकून झोपलो. अमावास्या नुकतीच उलटलेली, चांदण्या नुसत्या ओसंडत होत्या.

शुक्रवार

साडेपाचला निघालो. माणशी चार लिटर पाणी, कळण्याच्या भाकरी, ठेचा, गूळ. शिवाय मोजपट्टी, ओळंबा, पांढरे कागद आणि ठीक १२० सेंटिमीटरला कापलेली बांबूची काठी. एक अंगुळ म्हणजे दहा सेंटिमीटर धरायचं, म्हणजे हिशेब सोपा.

पहिला तासभर पायवाट छान आहे. अंजन, सलई, धावडा. मार्चात ही झाडं बहुतेक उघडी पडतात, पण अंजनाला कोवळी तांबूस पालवी फुटायला लागली होती. पळसाचा बहर ओसरत आला होता, वाटेवर केशरी सडा पडलेला. रोह्यांच्या लेंड्यांचा एक ढीग दिसला, प्राणी मात्र दिसला नाही. मग पायवाट हळूहळू बारीक होत गेली आणि एका निवडुंगाच्या जाळीपाशी संपली.

इथून पुढे जीपीएस फक्त एवढंच सांगतं की डबा नैर्ऋत्येला साडेसहाशे मीटरवर आहे. मध्ये कातळकडा आहे हे त्याच्या गावीही नसतं. कुसळं मोज्यांतून आत जात होती, पायाखाली मुरमाचा घसारा. आम्ही कड्याच्या बुडाशी आलो तर वरून घुंई असा आवाज. मान वर केली. कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळाची पोळी लटकलेली, हातभर लांब, काळीकरडी, आणि त्यांच्या अंगावरून सारख्या लाटा सरकत होत्या. उन्हाळ्यात या भागात फिरणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवायला हवं. अत्तर लावू नये, विडी-सिगारेट पेटवू नये, मोठ्याने हाका मारू नयेत, आणि पोळ्यांखालून तर जाऊच नये. आम्ही पावलं न वाजवता मागे फिरलो आणि कड्याला मोठा वळसा घातला. त्यात सव्वा तास गेला.

शेवटी पश्चिमेच्या अंगाला एक घळ सापडली. दोन्ही बाजूंना हात टेकतील एवढी अरुंद, मध्ये दोन मोठे दगड अडकलेले. भाचा आधी चढला, मग पाठपिशव्या वर ओढल्या, मग मी. घळीच्या तोंडाशी आलो आणि वाऱ्याने टोपीच उडाली.

माथा सपाट आहे, क्रिकेटचं मैदान मावेल एवढा. पूर्वेला कन्हेरगड आणि त्याच्या पोटातली लेणी जिथे आहेत तो कडा, खाली पाटण्याचं खोरं, दक्षिणेला वर मराठवाड्याचं पठार. उत्तरेला सगळा खानदेश पसरलेला, पण उन्हाच्या धुरकट पडद्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे काही दिसेना. एरवी हिवाळ्यात इथून कितीतरी लांबचं दिसत असेल. माथ्यावर मात्र रखरख होती. वणवा येऊन गेला होता. गवताच्या जागी काळी बुडखी उरली होती, दगडांच्या उन्हाकडच्या बाजू काजळलेल्या.

यंत्र बघत बघत पूर्वेच्या कडेला गेलो. अंतर कमी होत वीस मीटर, बारा, सात, चार असं आलं आणि मग कधी तीन, कधी सहा असं नाचायला लागलं. इथून पुढे यंत्र खिशात घालायचं आणि डोळे वापरायचे. अक्षांश-रेखांश या खेळात अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाचा हजारावा भाग धरून. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर. यंत्राची स्वतःची चूक चार-पाच मीटर आणि डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक तेवढीच. म्हणून ठेवणारा एक खूण सांगून ठेवतो. मित्राची खूण होती, पूर्वेच्या कपारीत तीन दगडांखाली.

कपार सापडली. तीन दगड सापडले. एकावर एक व्यवस्थित रचलेले, वरच्या दोघांवर काजळी. दगड उचलले. खाली पोकळी होती, तळहाताएवढ्या रुंदीची, तिच्या तळाशी जळक्या काडीकचऱ्याची राख आणि एक मोठा विंचू. डबा नव्हता.

आम्ही आजूबाजूची प्रत्येक कपार बघितली. विंचवाच्या भेटीनंतर आधी काठी, मग डोळे, मग हात असा क्रम ठेवला. वणव्यात प्लास्टिकचा डबा असता तर वितळून गेला असता, निदान त्याचा गोळा मिळाला असता. स्टील कुठे जाणार? माकडांनी चकाकणारी वस्तू म्हणून उचलली असेल का? पण दगड परत जसेच्या तसे कोण रचेल? भाच्याचा चेहरा उतरला होता. सव्वाबारा झाले आणि शोध थांबवावा लागला, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं असतं. आम्ही पंच्याहत्तरच्या जरा अलीकडे. साडेसात अंशांचा फरक म्हणजे तीस मिनिटं. शिवाय मार्चच्या या दिवसांत सूर्य घड्याळाच्या साडेसात मिनिटं मागे असतो. त्यामुळे आमची खरी मध्यान्ह बारा वाजून अडतीस मिनिटांच्या आसपास येणार होती. एक सपाट शिळा शोधली, तिच्यावर ताटलीत पाणी ठेवून ती किती कललेली आहे ते बघितलं, चपटे खडे सारून कागदाचा पाट सपाट केला. भाच्याने ओळंब्याला लावून काठी उभी धरली. मी दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलची टिंब करत गेलो.

सावलीचं टोक जवळून बघण्यासारखं असतं. काठीचा बुंधा कागदावर अगदी काळा, रेघेसारखा. पुढे पुढे कडा विरत जातात आणि शेवटच्या सेंटिमीटरभरात तर सावली कुठे संपली आणि ऊन कुठे सुरू झालं हे ठरवताच येत नाही. सूर्य हा टिंब नाही, आकाशात अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे, त्यामुळे हे होतं. टिंबं आधी जवळ सरकत आली, मग घुटमळली, मग दूर जायला लागली. सगळ्यांत जवळचं टिंब बारा सदतीस ते एकोणचाळीसच्या दरम्यानचं. मोजलं, ४४.२ सेंटिमीटर. म्हणजे ४.४२ अंगुळं.

भाच्याने मोबाइलवर नाही, कागदावर भागाकार केला. ०.३६८. स्पर्शकाचं कोष्टक तो वहीत उतरवून घेऊन आला होता. उत्तर आलं २० अंश १३ मिनिटं. यंत्र सांगत होतं २० अंश २०च्या जवळपास. फरक सहा-सात मिनिटांचा, जमिनीवर सुमारे बारा किलोमीटर. सावली एक मिलिमीटर इकडेतिकडे मोजली गेली तरी साडेचार-पावणेपाच किलोमीटरचा फरक पडतो. त्या हिशेबाने बांबूची काठी, ओळंबा आणि कागदाच्या बळावर बारा किलोमीटरच्या आत येणं मला फार मोठं वाटलं. खाली दरीत ज्या मठात मुलं हेच शिकली, त्यांच्याजवळ वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह नव्हते, तरी आपण पृथ्वीच्या गोलावर कुठे उभे आहोत हे त्यांना सांगता येत होतं. भाचा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. घडी घालून त्याने तो पाकिटात ठेवला.

मग पुन्हा तासभर शोध. काही नाही. ऊन असह्य झालं, पाणी निम्म्यावर आलं, आणि उतरताना तर ते जास्त लागतं. तीनला घळीतून उतरलो.

संध्याकाळी मळ्यात हातपाय धुऊन बसलो होतो. पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसली म्हणून वहिनी सगळ्यांना बाहेर बोलवत होत्या. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले आबा बकऱ्या घेऊन परतले. सत्तरीचे असतील. खांद्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड. आम्ही दिवसभर वर होतो हे त्यांनी खालून बघितलं होतं.

‘‘काय धुंडी ऱ्हायनात वर?’’

आम्ही सांगितलं. आबांनी शांतपणे तंबाखू मळली. ‘‘स्टीलना डबा का? कडी लायेल?’’

भाचा बाजेवरून ताडकन उठला.

‘‘तो मी ठी दिना,’’ आबा म्हणाले. ‘‘देवजोडे.’’

शनिवार

आबांबरोबर माथा दोन तासांत आला. आम्ही ज्या बाजूने शोधत शोधत गेलो होतो त्याच्या बरोब्बर उलट बाजूने ते निघाले. एका कोरड्या ओहोळातून वर, मग एका तिरक्या कडेवरून. पायवाट म्हणावी असं तिथे काही नव्हतं, पण आबा ज्या दगडावर पाय ठेवत तो दगड हलत नव्हता. ‘ढोरेबी जातस नही’ हे खरंच होतं. आबांच्या बकऱ्या मात्र पावसाळ्यात जातात, कारण माथ्यावरच्या खळग्यात दिवाळीपर्यंत पाणी टिकतं. हे गावात फारसं कुणाला ठाऊकही नाही.

चढता चढता त्यांनी सगळं सांगितलं. वणव्याच्या दिवशी ते धारेवर होते. आग खालून वर येताना दिसली तसे ते बकऱ्या काढायला माथ्यावर गेले. पूर्वेच्या कपारीत दगडांखाली काहीतरी चकाकतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. एकदा उघडूनही बघितलं होतं. आत वही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलेली वस्तू, हे ओळखून जशीच्या तशी बंद करून ठेवली होती. आग जवळ आल्यावर डबा काढला, दगड पुन्हा रचले आणि माथ्याच्या पश्चिम टोकाला म्हसोबाच्या शेजारी नेऊन ठेवला, कारण तिथे उघडा कातळ आहे, गवत उगवत नाही. ‘‘कोनाबी ऱ्हायना तरी जळी जाई, आसं वाटनं,’’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

शेंदूर लावलेला हातभर दगड आम्ही आदल्या दिवशी लांबून बघितला होता. देवाची जागा म्हणून मुद्दामच जवळ गेलो नव्हतो. त्याच्या मागच्या खोबणीत, चपट्या दगडाच्या आडोशाला डबा होता. आबांनी आधी दगडाला हात जोडले, मग डबा काढून भाच्याच्या हातात दिला.

कडीवर गंजाची बारीक तांबूस रेघ आली होती, पण झाकणाचा रबर शाबूत. आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत वही. कागद जरा लाटलेला, तरी अक्षरं स्पष्ट. पेन्सिलने लिहिलेलं होतं म्हणून. बॉलपेनची एक नोंद निळसर डाग होऊन गेली होती, ती वाचता येईना. पहिलं पान मित्राचं. त्यानंतर नाशिकचे दोघं, जळगावहून एकटाच आलेला एक जण, पितळखोऱ्याची लेणी बघायला आलेलं एक जर्मन जोडपं. शेवटची नोंद जानेवारी २०१९ची. एक गोटी, एक किल्लीचा छल्ला, एक परदेशी नाणं. सिलिका जेलच्या पुड्या ओल पिऊन निकामी झालेल्या. आणि तळाशी एक पितळी घुंगरू.

घुंगराचा उल्लेख कुठल्याच नोंदीत नव्हता. भाच्याने ते वाजवलं. आबा म्हणाले, ते त्यांच्या बकरीचं. ‘‘देवजोडे काही ठेवानं तं रिकामा हाते कसं ठेवू?’’

या खेळात, ज्याला खेळाबद्दल काही माहीत नाही अशा माणसासाठी एक शब्द आहे, ‘मगल’. मगलांच्या नजरेस डबा पडू नये याची काळजी घ्या, असं नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात. शहरात ते ठीक असेल. पण डोंगरावर, जिथे कुणी जात नाही असं आपण म्हणतो, तिथे कुणीतरी जातच असतं. बकऱ्यांमागे, मधामागे, देवाला नारळ वाढवायला. डबा लपवायचा असेल तर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून लपवावा. ज्यांचा डोंगर आहे त्यांना तो दाखवून, विचारून ठेवावा. जमीनमालकाची परवानगी घ्या असा खेळाचा नियमच आहे, पण परवानगीचा कागद आणि आबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मित्राने गावच्या पुढाऱ्यांना विचारलं होतं, आबांना विचारलं नव्हतं. आणि डबा वाचवला आबांनी.

त्यामुळे नवी जागा ठरवायचं काम मी त्यांच्यावरच सोडलं. देवाच्या खोबणीत डबा परत ठेवू नये हे माझं मत होतं. अनोळखी माणसं येणार, हात घालणार, ते बरं नाही. आबांनाही ते पटलं. त्यांनी माथ्यावर एक चक्कर मारली आणि म्हसोबापासून बऱ्याच अंतरावर कातळातली एक आडवी फट दाखवली. चारी बाजूंना उघडा खडक, वरून पाणी आत येत नाही, आणि आग आली तरी पोचणार नाही. खोदणं या खेळात वर्ज्य आहे, आणि इथे त्याची गरजही नव्हती. फटीच्या तोंडाशी एक दगड टेकवला की झालं.

झाकणाचा रबर पुसून त्याला थोडं व्हॅसलिन लावलं. नवी वही ठेवली, जुनीही तिच्याखाली राहू दिली, कारण ती माणसं तिथेच असायला हवीत. दोन पेन्सिली, नव्या पुड्या. भाच्याने आदल्या दिवशीच्या सावलीच्या कागदाची नक्कल करून डब्यात ठेवली, टिंबांसकट. मूळ कागद त्याने दिला नाही. मग यंत्र फटीवर ठेवून वीस मिनिटं सरासरी घेत बसलो. एकदाच नोंद घेण्यापेक्षा असं केलं की जागा बरीच नेमकी येते.

नोंद लिहायची वेळ आली तेव्हा भाच्याने पेन्सिल आबांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. तू लिही, मी सांगतो, म्हणाले. मग त्यांनी सांगितलं आणि भाच्याने अहिराणीतच उतरवून घेतलं. वणवा कोणत्या बाजूने आला, खळग्यात पाणी कधीपर्यंत असतं, पूर्वेच्या कड्याखाली मोहोळ आहे तिकडून येऊ नका, ओहोळाने या. त्या वहीतली ही सगळ्यांत उपयोगी नोंद आहे. खाली आबांनी स्वतः सही केली, एकेक अक्षर सावकाश काढून.

घुंगरू डब्यातच राहिलं. त्याच्या बदल्यात भाच्याने आपल्या पाठपिशवीला अडकवलेली शिट्टी आबांना दिली. ती घळीत हरवलेल्या बकरीला ऐकू येईल का, हे त्यांनी लगेच फुंकून बघितलं.

दुपारच्या आत खाली आलो. वहिनींनी वांग्याचं भरीत केलं होतं. जेवून चाळीसगावला आलो आणि संध्याकाळच्या गाडीने धुळे.

जायचं असेल त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीत जावं. खळग्यातलं पाणी दिवाळीपर्यंतच टिकतं, पण तेव्हा उत्तरेचा मुलूख स्वच्छ दिसतो. फेब्रुवारीनंतर मोहोळांमुळे पूर्वेची बाजू टाळावी. पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो, तिथून पुढे जाताना वनविभागाच्या नाक्यावर सांगूनच जावं. अभयारण्याच्या हद्दीत डबा वगैरे ठेवायचा विचारही करू नये. मित्राने नवे अक्षांश-रेखांश जाहीर केले आहेत आणि पायथ्याशी आबांना विचारून वर चढा असंही लिहिलं आहे. पावसाळा संपला की आबांचा नातू वर जाऊन डबा उघडून बघणार आहे. सिलिका जेलच्या जादा पुड्या आणि एक पेन्सिल त्याच्याकडे दिली आहे.